हातचे दोन

दवाखान्यात त्याला सगळे ज्योतिषी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, पण दवाखान्यात पाठीमागचं तोंडावर यायला वेळ तो कितीसा लागतो! वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते मनातून आवडायचं. पन्नाशीकडे झुकलेला, चष्मा कपाळावर सरकवून मग टेबलभर चष्मा शोधणारा माणूस तो; त्याला आयुष्यात दुसरं कुणी काय नाव ठेवणार होतं? "काय ज्योतिषीबुवा, या हिवाळ्यात आमचं काय लिहिलंय?" असं कँटीनमध्ये कुणी विचारलं की तो उगाच गंभीर चेहरा करून म्हणायचा, "खोकला लिहिलाय. आणि तुमच्या बाबतीत थोडी सुस्ती." मग चहाचे पैसे समोरचाच द्यायचा.

त्याची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून होती. दिवसभर भिंतीपलीकडे यंत्रं घरघरायची आणि खिडकीतून साबणाचा वास यायचा. तिथे बसून तो फ्लूची साथ कधी येणार, किती जोरात येणार आणि त्या वेळी कुठल्या वॉर्डात किती सिस्टर्स, किती डॉक्टर, किती मदतनीस लागणार याचा हिशोब मांडायचा. हिशोब म्हणजे बोटांवरचा नव्हे. मागच्या कित्येक हिवाळ्यांतले तापाचे रुग्ण, कुठल्या आठवड्यात किती आले, त्यातले किती भरती झाले, किती दिवस राहिले. गावातल्या शाळांतली गैरहजेरी, औषधांच्या दुकानांतला खोकल्याच्या औषधाचा खप, रोजची थंडी. हे सगळं कॉम्प्युटरात भरायचं, आलेख काढायचा, आणि आलेखाची रेघ कुठे डोकं वर काढते ते बघायचं. शाळेतली पोरं खोकायला लागली की साधारण दोन आठवड्यांनी त्यांचे आजी-आजोबा दवाखान्यात, हे त्याने आकड्यांतून काढलं होतं. त्याबद्दल सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

आता हे खूळ त्याच्या डोक्यात आलं कुठून? तर बायकोमुळे. ती त्याच दवाखान्यात तापाच्या वॉर्डात सिस्टर. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात अशी साथ आली की सगळ्यांच्या नाकी नऊ आले. व्हरांड्यात गाद्या टाकल्या होत्या, आणि निम्म्या सिस्टर्स स्वतःच आजारी. उरलेल्यांनी दुप्पट ड्यूट्या ओढल्या. त्याची बायको घरी यायची ती बूटसुद्धा न काढता पलंगावर आडवी व्हायची. एकदा तो तिच्या पायातले बूट काढायला बसला, तर मोजे ओले होते आणि टाचा फुटल्या होत्या. तेव्हा तो औषध-भांडारात कारकून होता. संख्याशास्त्राची पदवी घेतलेली, पण तिची चौकशी कुणी केलेली नव्हती. त्या टाचा बघून त्याला इतका राग आला, इतका राग आला की दुसऱ्या दिवशी तो मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत न विचारता शिरला आणि म्हणाला, "हे आधी कळू शकतं, सर. मी करून दाखवतो."

आणि त्याने करून दाखवलं, हेही कबूल करायला हवं. पुढच्या हिवाळ्यांत त्याचा अंदाज बरोबर येत गेला. साथीच्या ऐन जोरात दुसऱ्या वॉर्डांतून माणसं आधीच हलवलेली असायची, बाहेरून बदली सिस्टर्स बोलावलेल्या असायच्या. व्हरांड्यातल्या गाद्या गेल्या. बायको घरी येऊन बूट काढायला लागली, चहा प्यायला लागली, त्याच्या अंगावर खेकसायलाही लागली. त्याचा जीव भांड्यात पडला.

पण या कामात एक गोम होती. प्रत्येक वॉर्डची इनचार्ज सिस्टर माणसं मागताना जरा जास्तीच मागायची, कारण वर काटछाट होणार हे तिला ठाऊक. ते आकडे मेट्रनकडे जायचे. मेट्रनबाई सगळ्या सिस्टर्सच्या प्रमुख, त्याही त्यात थोडी भर घालायच्या. मग कागद ज्योतिष्याकडे. तोही शहाणा! आपलं गणित चुकलं तर तोंडघशी पडायला नको म्हणून प्रत्येक वॉर्डामागे दोन माणसं हातची राखून ठेवायचा आणि त्याबद्दल कुणाला चकार शब्द सांगायचा नाही. शेवटी मोठे डॉक्टर लाल पेन काढायचे, "एवढी फौज कशाला? लढाईला निघालात काय?" म्हणत सरसकट कापायचे, आणि सगळ्यांनी वाढवलेलं सगळं कापलं जाऊन जेवढं खरं लागत होतं जवळजवळ तेवढंच उरायचं. म्हणजे चोर सगळेच, आणि त्यामुळे तराजू सरळ. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

त्या वर्षी मात्र भलतंच झालं. मोठ्या डॉक्टरांनी लाल पेन काढलंच नाही. "तुमचे आकडे आजवर खोटे ठरलेत का?" ते म्हणाले. "मग मी कोण कापणारा?" आणि खाली सही ठोकली.

ज्योतिष्याने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. सर, यात दोन माझे आहेत, काही मेट्रनबाईंचे आहेत, काही इनचार्जचे आहेत, थोडं कमी करा. एवढंच तर वाक्य होतं! पण नाही निघालं तोंडातून. एक तर सही बघून छाती फुगली होती. आणि दुसरं म्हणजे मनात आलं, मिळालंय तर राहू दे, माणसं जास्त असल्याने कुणाचं वाईट झालंय? जास्तीच्या माणसांसाठी एक अट तेवढी आली: साथीच्या जोराच्या दिवसांत कुणालाही रजा नाही. ही अट त्यानेच सुचवली होती. अगदीच अडलं-नडलं तर अर्ज ज्योतिष्याकडे पाठवायचा, गणितात बसत असेल तर तो होकार देईल. मेट्रनबाईंना हे फार सोयीचं वाटलं. रजा नाकारल्याचे शिव्याशाप आता परस्पर दुसऱ्याला मिळणार होते.

साथ सुरू व्हायच्या बेतात असताना बायकोच्या भावाचा फोन आला. दादा तिच्याहून पुष्कळ मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा शाळा सोडून हा लांब पल्ल्याच्या बसवर आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाला. बहिणीला नर्सिंगला त्याने घातलं. तिच्या पहिल्या पांढऱ्या गणवेशाचं कापड त्याने कुठल्याशा दूरच्या शहरातून, गाडी थांबवून, प्रवाशांच्या शिव्या खात आणलं होतं. ती गोष्ट तो दर भेटीत सांगायचा आणि दर वेळी शिव्या नव्या असायच्या. आता त्याच्या यकृताने हात टेकले होते. तिकडच्या डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितले होते.

"चिमणे," तो फोनवर म्हणाला, "कामाचं बघ आधी. पण जमलं तर येऊन जा."

बस, एवढंच. ज्याने जन्मात कधी काही मागितलं नाही त्या माणसाचं 'जमलं तर' किती मोठं असतं ते तिला कळलं. तिने चार दिवसांच्या रजेचा अर्ज केला. घरात नवऱ्याला गळ घातली नाही. बाईचा स्वभावच तसा. तिने रीतसर इनचार्जकडे अर्ज दिला, इनचार्जने मेट्रनकडे, आणि मेट्रनबाईंनी तो इतर अर्जांबरोबर कपडे धुण्याच्या खोलीशेजारी पाठवून दिला.

ज्योतिष्याने अर्ज बघितला. अक्षर ओळखीचं. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या घराचं छप्पर, कुणाच्या सासूचं ऑपरेशन, असे आणखी अर्ज समोर होते. त्याला मनातून पक्कं ठाऊक होतं की तापाच्या वॉर्डात दोन माणसं त्याची स्वतःची, हातची आहेत. त्यातली एक सोडली तर कुठे काही हलणार नव्हतं. पण मग डोक्यात भलभलतं सुरू झालं. बायकोला रजा दिली आणि बाकीच्यांना नाही, तर दवाखानाभर बोंब होईल. सगळ्यांना दिली आणि तरी वॉर्ड बिनबोभाट चालला, तर मोठे डॉक्टर विचारतील, अरे, मग ही माणसं मागितली कशाला होती? पुढच्या वर्षी लाल पेन पुन्हा बाहेर येईल, आणि ज्योतिषीबुवांचा शब्द कवडीमोलाचा होईल. त्याने सगळे अर्ज नाकारले. बायकोचा सगळ्यात आधी नाकारला, आणि तो गठ्ठ्यात वरच राहील असा ठेवला. मेट्रनबाई म्हणाल्या, "स्वतःच्या बायकोलासुद्धा नाही! मानलं तुम्हाला." तो ओशाळल्यासारखं हसला, पण सुखावला. मोठा न्यायाधीश!

संध्याकाळी घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तो म्हणाला, "अगं, तुझा अर्ज..."

"कळलं मला," ती म्हणाली.

"गणितात बसत नव्हतं गं. ऐन जोराचा आठवडा आहे. तो ओसरला की आपण दोघं जाऊ, मीही येतो. तिकडच्या डॉक्टरांनी महिना तरी सांगितलाच आहे ना?"

ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या गणितातलं मला काही कळत नाही. बसत नसेल तर नसेल."

तिने विश्वास ठेवला. ही गोष्ट त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचली. ती भांडली असती, रडली असती, अबोला धरला असता, तर तो कदाचित विरघळला असता. पण तिला वाटलं, हा माणूस आकड्यांत खोटं बोलत नाही. तिने दादाला फोन करून सांगितलं की इथे साथ आहे, पुढच्या आठवड्यानंतर नक्की येते. पलीकडून दादा म्हणाला, "अगं, मग रुग्णांचं बघ! मी काय पळून जातोय?" आणि हसला, आणि हसताना त्याला धाप लागली.

साथ आली. ज्योतिष्याने सांगितलेल्या आठवड्यात आली, सांगितली तेवढीच आली. मोठे डॉक्टर इतके खूश की दुसऱ्या दवाखान्यातल्या पाहुण्यांना घेऊन स्वतः वॉर्ड दाखवायला निघाले, आणि ज्योतिष्यालाही कोपराला धरून बरोबर घेतलं. तापाचा वॉर्ड भरलेला होता, पण शांत होता. प्रत्येक खाटेला सलाईन वेळेवर, पाण्याची भांडी भरलेली, चादरी बदललेल्या. आणि वॉर्डच्या टोकाला टेबलाशी तीन सिस्टर्स बसून कापसाचे बोळे करत होत्या. त्यांतली मधली त्याची बायको.

"बघा!" मोठे डॉक्टर पाहुण्यांना म्हणाले. "साथीच्या ऐन भरात आमच्या सिस्टर्सना बसायला वेळ मिळतो! सगळी यांची करामत."

पाहुण्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. इनचार्ज सिस्टर मोकळ्या स्वभावाची, ती हसत म्हणाली, "हो ना सर, यंदा ज्योतिषीबुवांनी वऱ्हाड जरा जास्तच बोलावलंय. आमच्याकडे दोन-तीन जणी रोज बसूनच असतात."

सगळे हसले. त्याच्या बायकोने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं, ते परवडलं असतं. ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू तिला काहीतरी विचारायचं होतं आणि उत्तर समोर दिसत होतं. मग खाली मान घालून पुढचा बोळा करायला लागली. लाज, लाज म्हणतात ती काय असते ते त्याला भर वॉर्डात, कौतुकाच्या मधोमध उभं राहून कळलं.

पाहुणे पुढे गेले तसा तो मागे वळला. टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "तू जा. आजच निघ. मी मेट्रनबाईंशी बोलतो."

"आता बसतं का गणितात?" ती म्हणाली.

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. हातातला कापूस खाली ठेवला, इनचार्जला सांगितलं, आणि गणवेशावरच कोट घालून बस-स्थानकावर गेली. मेट्रनबाईंनी एका शब्दाने अडवलं नाही. बाकीच्या ज्यांना रजा नाकारली होती त्यांनीही बोंब मारली नाही, उलट दोघी-तिघी त्याला विचारायला आल्या, "सिस्टर पोचल्या का? दादा कसे आहेत?" ज्या लोकांना तो घाबरला होता ते हे लोक!

ती पोचली तेव्हा दादा होता, पण शुद्धीत नव्हता. डोळे अर्धवट उघडे, श्वास घरघरता. असे रुग्ण तिने आयुष्यभर पाहिले होते. किती वेळ उरला आहे ते सांगायला तिला कुठल्या डॉक्टरची गरज नव्हती. तिने बाह्या वर केल्या आणि जे येत होतं ते केलं. त्याची कूस बदलली, ओठ ओले केले, अंग पुसलं. कानाशी तोंड नेऊन "दादा, मी आले" म्हणाली, पुन्हा म्हणाली, मोठ्याने म्हणाली. वहिनी दाराशी पदर तोंडात धरून उभी होती.

"परवापर्यंत बोलत होते गं," वहिनी म्हणाली. "दार वाजलं की विचारायचे, चिमणी आली का? दूधवाला आला तरी विचारायचे, चिमणी आली का?"

दुसऱ्या दिवशी दादा गेला.

ज्योतिषी मिळेल त्या बसने पोचला. वहिनीने त्याला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं, त्याच्या प्रवासाची चौकशी केली. "तुमच्या मागे केवढं काम," ती म्हणाली, "तरी आलात. हे तुमचं फार सांगायचे हो सगळ्यांना. आमचे मेहुणे साथ आधी ओळखतात म्हणायचे." ते ऐकून त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि तिथे, धुण्याच्या दगडापाशी, तोंडावर रुमाल धरून रडला. तापाचे हजारो रुग्ण त्याने आठवडा चुकू न देता ओळखले होते. एका दादाचा तेवढा अंदाज चुकला, आणि तोही चुकला म्हणणं खोटंच होतं. अंदाज करायची गरजच नव्हती. 'जमलं तर येऊन जा' म्हणजे ये, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं.

परत आल्यावर घरात भांडण झालं नाही. बायको कामावर जाऊ लागली, स्वयंपाक करू लागली, विचारलं तर बोलू लागली. एकदाच, कशावरून काही नसताना, जेवताजेवता तिने विचारलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं का हो, आमच्याकडे माणसं जास्ती आहेत ते?"

"हो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. "मला वाटलंच," म्हणाली, आणि त्याच्या पानात भाजी वाढली. त्याला वाटलं, ताट उचलून माझ्या डोक्यात घातलं असतंस तर मी तुझे पाय धरले असते गं. पण तिने भाजीच वाढली आणि त्याने ती खाल्ली.

पुढच्या हिवाळ्याच्या आधी तो मोठ्या डॉक्टरांसमोर बसला आणि सगळं मांडलं. कोण किती वाढवून मागतं, मेट्रनबाई किती घालतात, तो स्वतः किती राखतो, सगळं. मोठे डॉक्टर आधी लालबुंद झाले, मग त्यांनी डोकं धरलं, मग हसू लागले. "म्हणजे इतकी वर्षं आपण एकमेकांना फसवत होतो आणि त्याला नियोजन म्हणत होतो?" मेट्रनबाईंनी कानावर हात ठेवले, मग तेही काढले. शेवटी ठरलं की वाढवून मागायचं नाही, कापायचं नाही, आणि जे दोन हातचे राखायचे ते उघड राखायचे. ते माणसांच्या अडीनडीसाठी; साथ कितीही जोरात असो, घरी कुणी आजारी असलं, कुणी बोलावलं, तर प्रत्येक वॉर्डातून दोघींना जाता येईल. अर्ज आला की न विचारता रजा. तापाच्या वॉर्डातल्या सिस्टर्सनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाली, "ज्योतिषीबुवा, पहिल्यांदाच काहीतरी चांगलं भविष्य सांगितलंत!"

घरी येताना त्याचे पाय जरा भरभर पडत होते. काय वाटत होतं त्याला कोण जाणे. माफी मिळेल असं नाही, पण निदान काहीतरी तिच्या हातात ठेवता येईल, एवढं. ती गॅसपाशी उभी होती. त्याने चप्पल काढता काढताच सांगितलं. नवा नियम, दोघींची रजा, मोठ्या डॉक्टरांची सही, सगळं एका दमात.

"म्हणजे आता ऐन साथीतसुद्धा, कधीही, तुला हवी तेव्हा रजा मिळेल," तो म्हणाला. "कुणाला विचारायला नको. मलासुद्धा नको."

तिने गॅस बारीक केला.

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "बाकीच्यांची सोय झाली." मग त्याच्याकडे वळून, अगदी सरळ विचारावं तसं तिने विचारलं, "पण मी आता रजा घेऊन जाऊ कुठे हो?"